अकरावीचे मार्क कोण विचारतं?

माझं नववीचं प्रगतिपुस्तक लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होतं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमची सांगलीतली अख्खी गल्ली पाण्यात होती. पाणी उतरल्यावर त्या खणातून लगदा निघाला. आईनं रेशनकार्डासाठी जीव काढला, प्रगतिपुस्तकाचं नावही कुणी घेतलं नाही. दहावी डोक्यावर असताना नववीचं काय घेऊन बसायचं?

दोन वर्षांनी, बारावीत असताना, मी अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरायला बसले. पहिलीच मागणी होती नववी ते बारावी, चारही वर्षांच्या विषयवार गुणांची.

आपल्याकडचा हिशेब आपल्या अंगात मुरलेला असतो. अकरावीला दहावीचे मार्क बघतात. इंजिनीअरिंगला खुल्या गटातल्या पोराला बारावीत पीसीएमला 45 टक्के पुरतात, बाकी सगळा खेळ सीईटीच्या पर्सेंटाइलचा. नववी आणि अकरावी ही मधली वर्षं, दम खायची. मीही अकरावीत मनसोक्त दम खाल्ला. 2020-21 चं ते वर्ष ऑनलाईन गेलं, घरात एकच फोन, त्यावर मी आणि धाकटा भाऊ. पण खरं सांगायचं तर फोन माझ्या हातात असायचा तेव्हाही मी हजेरी लावून, माईक बंद करून झोपायचे. दहावीला 93.40, अकरावीला 68.

आणि नेमकं हे वर्ष तिकडे सगळ्यात बारकाईनं वाचतात, कारण अर्ज जातो तेव्हा पूर्ण झालेलं शेवटचं वर्ष तेच असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नियम वाचून तर मी कपाळाला हात लावला. ते गुणांची सरासरी काढतात ती दहावी आणि अकरावीची, बारावी त्यात धरतच नाहीत. तिथं मी अर्ज केला नाही, पण त्याचं कारण वेगळं. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, आणि ते विद्यापीठ परदेशी मुलांना फीसाठी जवळजवळ काहीच मदत देत नाही. मला शोधायची होती अशी कॉलेजं, जी घरची ऐपत बघून मदत देतात.

शाळेत गेले. क्लार्क काका म्हणाले, "नववीचं कशाला पायजे तुला? बोर्डाचं हाय न्हवं?" मी ट्रान्स्क्रिप्ट म्हटलं, त्यांनी बोनाफाईड काढून दिलं. दुसऱ्या खेपेला शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला. तिसऱ्या खेपेला मी कागदावर तक्ता आखूनच नेला, विषय, पैकी गुण, मिळालेले गुण. तो बघून ते म्हणाले, "मग निकालपत्रक म्हण की सरळ!" ते रजिस्टर वरच्या मजल्यावर होतं म्हणून पुरातून वाचलं होतं. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून इंग्रजी मजकूर मी टाईप करून आणला, त्यांनी एकेक आकडा रजिस्टरशी ताडला, लेटरहेडवर जावक क्रमांक, सही, शिक्का. दहावीच्या तक्त्याखाली एक टीपही घालावी लागली: भूगोलाचा पेपर कोरोनामुळे झालाच नाही, बाकी विषयांच्या सरासरीवरून गुण दिले.

ज्युनिअर कॉलेजात गंमत वेगळीच. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे एकाच अर्जातून अनेक अमेरिकन कॉलेजांना अर्ज करता येतो त्या वेबसाईटवर, एक अहवाल शाळेच्या समुपदेशकानं भरायचा असतो. आमच्याकडे समुपदेशक कुठला? उपप्राचार्य सरांनी ते काम अंगावर घेतलं. एक प्रश्न असा होता की, कॉलेजात मिळू शकणाऱ्या विषयांच्या मानानं हिनं घेतलेले विषय किती अवघड आहेत? सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "सायन्सला गणित आणि बायो दोन्ही घेतलंय, आणखी काय अवघड असतंय?" सगळ्यात वरचा पर्याय निवडला. पुढे वर्गातला क्रमांक. तो आम्ही काढत नाही, असं स्पष्ट लिहिलं. शिवाय कॉलेजची दोन पानी ओळख हवी होती: मुलं किती, पास व्हायला 35 लागतात, नव्वदच्या वर किती जातात. ती मी लिहिली आणि सरांनी लाल पेनानं निम्मी खोडली. पण या दोन पानांचा मोठा आधार असतो. वाचणारा माणूस तुमचे मार्क तुमच्याच कॉलेजातल्या इतर मुलांशेजारी ठेवून बघतो, नाहीतर सांगलीतले 68 म्हणजे काय हे त्याला कसं कळावं?

मार्क जीपीएत, म्हणजे तिकडच्या चारपैकी सरासरीत, बदलायचे का, यावरही बराच घोळ झाला. एका सल्लागारानं टक्केवारीला 25 नं भागायला सांगितलं. 68 भागिले 25, म्हणजे 2.72. आकडा बघूनच पोटात गोळा आला. माझ्याआधी तिकडे गेलेल्या मिरजेच्या एका ताईनं अडवलं, "मार्क आहेत तसे दे, शंभरपैकी. भागाकार त्यांचा ते करतील." तिचंच ऐकलं.

त्या वर्षीच्या अर्जात कोरोनाबद्दल 250 शब्द लिहायची सोय होती. पहिल्या मसुद्यात मी सगळं एका फोनवर ढकललं. फिजिक्सच्या मॅडमनी वाचून विचारलं, "आणि झोपायचीस ते?" दुसऱ्या मसुद्यात तेही आलं. मॅडमनी शिफारसपत्रात काय लिहिलं ते मला आजवर माहीत नाही, ते वाचायचा हक्क सोडून द्यायचा असतो. ऑक्टोबरात वर्ग परत सुरू झाल्यावर मी मान मोडून अभ्यास केला. सहामाहीला 82 पडले, तो आकडा जानेवारीत मध्यवार्षिक अहवालातून गेला.

नऊ ठिकाणी अर्ज केले. सात नकार, एक प्रतीक्षा यादी, आणि ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजचा होकार, जवळजवळ पूर्ण मदतीसह. उत्तर 1 मेपर्यंत द्यायचं होतं, ते दिलं. बारावीचा निकाल तेव्हा लागलेलाही नव्हता.

तो लागला 8 जूनला. 84.17. सरांनी गुणपत्रिका अपलोड केली. शेवटच्या वर्षी अगदीच घसरलात तर दिलेला प्रवेश काढून घेऊ शकतात, त्यामुळे ती पोचल्याची मेल येईपर्यंत माझा जीव टांगणीला होता.

त्याच संध्याकाळी शेजारचे काका पेढे मागायला आले. "84 म्हणजे बरे हायत की," म्हणाले, "मग आता ॲडमिशनचं काय? कुठं कुठं फॉर्म भरणार?"