परतवाडा ते चिखलदरा, पायी

आमच्या भागातले बरेच लोक शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीसोबत पंढरपूरला गेलेले आहेत, त्यामुळे लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, आम्ही चर्चच्या मंडळीतले लोक परतवाड्याहून चिखलदऱ्याला पायी निघालो तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "तुमचीबी वारी निघाली काय जी?" मग आम्हीही वारीच म्हणायला लागलो.

रस्ता तीसेक किलोमीटरचा. धामणगाव गढीकडे संत्र्याचे बगीचे, पुढं घाट, अन् चिखलदरा 1118 मीटरवर, म्हणजे मग चढच चढ. मोहफुलं पडत होती, कोरकू आदिवासी बाया पहाटेपासून टोपल्या घेऊन वेचत होत्या.

जिथं थांबू तिथं बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचायचा असं ठरलं होतं. लबाडी टाकून द्या, शेजाऱ्याशी खरं बोला, असं पत्र लिहिणारा प्रेषित पौल पंचविसाव्या वचनात सांगतो, आणि कारण काय देतो, तर आपण एकमेकांचे अवयव आहोत. शिक्षेचं भय नाही घातलं तिथं. मी हे वचन लहानपणापासून पाठ म्हणतो पण ते समजलं घाटातच.

झालं असं की आमच्यातल्या एका मावशीच्या टाचेला फोड आला होता. जो तो विचारे, "मावशी, जमते ना?" तर "काई नाई झालं बाप्पा, येशूच्या कृपेनं मस्त आहे." मोथा गावाच्या अलीकडं फोड फुटला, मोजा रक्तानं भरला, त्या बसल्या, अन् आम्ही सगळेच बसलो. पट्टी बांधताना त्या म्हणाल्या, "लोक म्हणतीन हिचा विश्वास कमी आहे, म्हून नाई सांगतलं."

हे मला फार लागलं, कारण चर्चमध्ये दर रविवारी आपण हेच करतो ना. घरी कर्ज, नवरा-बायकोत बोलणं बंद, पोरगा दारू प्यायला लागला, अन् दारात पास्टर भेटले की "प्रभूची दया, सगळं ठीक." बाजारातल्या खोट्यावर आपण उपदेश देतो आणि हे खोटं मात्र भक्ती म्हणून खपून जातं! बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोचं नेमकं हेच आहे, जमीन विकून आलेल्या पैशाबद्दल खोटं बोलले अन् जागीच पडून मेले. प्रेषित पेत्र हनन्याला स्पष्ट म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. थोडा ठेवून घेतला हा गुन्हाच नव्हता, थोडं देऊन सगळं दिल्याचा आव आणला, तेही देवासमोर, तो गुन्हा. आपल्याकडं कोणी पडून मरत नाही म्हणून काय ते हलकं झालं का?

संध्याकाळी वर पोचल्यावर प्रार्थनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली, तर एक कास्तकार भाऊ उठले आणि म्हणाले, कपाशी गेली, सावकाराचं देणं आहे, दोन वर्षं झाली मी तुमच्याशी खोटं बोलतो. काही वेळ कोणालाच काय बोलावं समजेना. मग मावशीच पहिल्या बोलल्या, "किती आहे भाऊ? अन् त्याच्यापाशी लायसन आहे का?" त्यावर चर्चा सुरू झाली, कोणी सांगितलं की 2014 च्या सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते, कागद काय काय आहेत ते विचारलं, अन् सोमवारी भाऊंसोबत ऑफिसात कोण जाणार ते तिथंच ठरलं.