अविवाहित असल्याचा दाखला

परदेशात विवाह करायचा असेल, तर आपण अविवाहित आहोत हे कागदावर सिद्ध करावे लागते; यातली मूळ अडचण अशी की झालेल्या लग्नाची नोंद असते, न झालेल्याची नसते. म्हणून काही देश नोंदवही तपासून विवाहास अडथळा नसल्याचा दाखला देतात, तर जिथे मध्यवर्ती नोंदच नाही तिथे प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे शेवटी आपल्याच शब्दावर, भागवावे लागते. घटस्फोटितांनी न्यायालयाचा हुकूमनामाही जोडायचा असतो. १९६१च्या हेग करारातील देशांमध्ये परस्परांच्या कागदपत्रांना सहसा अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही व शिक्का खरे असल्याचे सरकारी प्रमाणपत्र, पुरते. इतरत्र वकिलातीची मोहोर लागते. माझ्या मते सर्वाधिक लक्ष मुदतीकडे द्यावे: पुष्कळ ठिकाणी ३ किंवा ६ महिन्यांहून जुना दाखला चालत नाही आणि अधिकृत भाषांतराचा वेळही त्याच मुदतीतून जातो.