श्रावण मोडला त्या वर्षी

मी दारुडा नाही, याचा माझ्याकडे भक्कम पुरावा होता. श्रावण. गटारीला पोटभर घ्यायची आणि मग थेट गणपती उठेपर्यंत थेंब नाही. सोळा वर्षं पाळला. बायको काही बोलली की हाच पुरावा तिच्या तोंडावर फेकायचो. गेल्या वर्षी दुसऱ्याच श्रावणी सोमवारी नारायण पेठेतल्या प्रेसमधून निघालो आणि उपास सोडायच्या आधी परमिट रूममध्ये जाऊन बसलो. डब्यातली साबुदाण्याची खिचडी तशीच होती.

तीन आठवडे रोज प्यायलो आणि मग डॉक्टरांना जाऊन सांगितलं, उद्यापासून बंद. ते म्हणाले, "घरच्या घरी एकदम सोडू नका." रोजच्या पिणाऱ्याने अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. 'मनावर घेतलं की सुटते' एवढंच मी आजवर ऐकलेलं. पाच दिवस ॲडमिट राहिलो. मुक्तांगणचं नावही निघालं. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं ते व्यसनमुक्ती केंद्र पुण्यात कुणाला माहीत नाही! पण तिथे राहायचं तर मोठी रजा, म्हणजे प्रेसमध्ये कारण सांगणं आलं. माझी हिंमत झाली नाही. "मग निदान एएच्या मीटिंगला जा," डॉक्टर म्हणाले.

एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचाच गट. त्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि दोनदा कट केला. तिसऱ्यांदा पलीकडून अस्सल पेठी मराठीत प्रश्न आला, "आज घेतलीय का?" नाही म्हटलं. "घेतली असती तरी चाललं असतं, नुसतं ऐकत बसायचं. कुठे राहता?" नाव विचारलं ते फक्त पहिलं. जवळच्या एका शाळेतली संध्याकाळी सातची मीटिंग सांगितली.

गेलो तर शाळेला कुलूप. गणपतीची सुट्टी! बाहेर ढोल-ताशा, समोर वाइन शॉप आणि मी. देवाचीच इच्छा दिसते, असं म्हणून रस्ता ओलांडणार होतो. पण राग आला होता म्हणून आधी हेल्पलाइनच्या त्या माणसाला फोन लावला, चार शब्द सुनवायला. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तिथेच उभे राहा." लक्ष्मी रोड बंद, त्यामुळे गाडी डेक्कनला लावून तो माणूस गर्दीतून चालत आला. पन्नाशीचा, घामाघूम, हातात पिशवी.

आम्ही अमृततुल्यमध्ये बसलो. त्याने चहावाल्याला सांगितलं, "यांना अर्धा दे. संपला की परत अर्धा." मला वाटलं, काय कंजूष माणूस! कप उचलला तेव्हा कळलं. डिस्चार्ज मिळून तिसराच दिवस होता, हात थरथरत होते. भरलेला कप बशीत आणि शर्टावर गेला असता. याच हातांनी मी मशीनवर रंग जुळवायचो.

"दोन दारुडे बसले की झाली मीटिंग," तो म्हणाला. एएची सुरुवातही अशीच. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात शेअरबाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले.

सुट्टी संपल्यावरची पहिली खरी मीटिंग मला मुळीच आवडली नाही. बरंचसं हिंदीत, आणि देव फार. भजनी मंडळात चुकून शिरल्यासारखं झालं. पुन्हा फोन. "ग्रुप बदलून बघा," एवढंच उत्तर. तिसऱ्या ठिकाणी जमलं. चौथीच्या वर्गातले बुटके बाक, गुडघे छातीला लागतात, फळ्यावर सत्तावीसचा पाढा. एकेक जण उठतो, नाव सांगतो, "मी अल्कोहोलिक आहे" म्हणतो आणि स्वतःचंच बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. पुण्यात दीड तास कुणी सल्ला न देता बसू शकतं, हे मला दारू सुटण्यापेक्षा अवघड वाटलं होतं! फी नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नव्या माणसाने त्यात काही टाकायचं नसतं. देवाचं म्हणाल, तर एक आजोबा म्हणाले, "नसेल पटत तर या ग्रुपलाच तुझ्यापेक्षा मोठं मान." तेवढं मानता आलं.

जानेवारीत मेहुण्याच्या हळदीत स्लिप झाली. एकच पेग म्हणत क्वार्टर. पुढच्या मीटिंगला गेलो तेव्हा खाली मान घालून बसलो होतो. "बरं झालं आलास," यापलीकडे कुणी काही बोललं नाही. दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले. परवा गटारी झाली, ती मीटिंगमध्येच गेली.

बायको आता अल-अनॉनला जाते, पिणाऱ्यांच्या घरच्यांची ती वेगळी मीटिंग. गुरुवारी. त्या दिवशी कुकर मी लावतो. तिथे माझ्याबद्दल काय बोलते, हे एकदा विचारलं. म्हणाली, "तिथे तुमचा विषय नसतो." मला जरा रागच आला.