नरारा, तिथी आणि आईचा फोन

आजचा अख्खा रविवार जामनगरच्या मरीन नॅशनल पार्कच्या प्लॅनिंगमध्ये गेला आणि खूप छान गेला. 1982 साली झालेलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. तिथे नराराला पाणी ओसरलं की चक्क चालत प्रवाळ बघता येतात, बोट नाही, डायव्हिंग नाही. लेकीला ऑक्टोपस बघायचाय, गेले दोन महिने तेच चाललंय.

मी शनिवार बघून सौराष्ट्र मेलचं बुकिंग करणार तेवढ्यात आईचा फोन. ती दापोलीकडची. म्हणाली, "अगं तिथी बघितलीस का? त्या दिवशी अष्टमी आहे, भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी उतरणारच नाही नीट." मी भरती-ओहोटीचा तक्ता उघडला तर खरंच की, ओहोटी अगदीच किरकोळ! तिचा हिशोब तोंडपाठ, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा. कच्छच्या आखातात वेळा वेगळ्या, पण भांग आणि उधाण, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती-ओहोटी, तेच ना.

मग पौर्णिमेनंतरचे दोन दिवस धरले, सकाळची चांगली ओहोटी मिळतेय. वनखात्याची परवानगी, स्थानिक गाइड, जाड तळाचे जुने बूट, कारण खडक धारदार असतात. लेकीला आत्ताच सांगून ठेवलंय, जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही, काही उचलायचं नाही, शिंपलासुद्धा नाही. प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षं लागतात हो.

आईचंही तिकीट काढलंय. नको नको म्हणत होती, आता विचारतेय साडी चालेल की ड्रेस घालू.