बारा पानांतली तीन कोरी पानं

नागपूरच्या महालातल्या आमच्या छपाईच्या दुकानात तेरवीच्या आणि वर्षश्राद्धाच्या पुस्तिका बारा महिने येतात. मजकूर ठरलेला असतो: कष्टाळू, मायाळू, धार्मिक वृत्तीच्या. नाव बदललं की दुसऱ्या बाईलाही चालतो. नरखेड तालुक्यातल्या एका शेतकरी बाईच्या पहिल्या पुण्यस्मरणाचं कामही असंच आलं होतं. ते वेगळं झालं तीन कोऱ्या पानांमुळे.

मधोमध पिना मारायच्या पुस्तिकेत पानं चारच्या पटीतच वाढतात. दोघा मुलांनी आणलेला मजकूर, वंशावळ आणि पुढाऱ्यांचे शोकसंदेश मिळून नऊ पानं भरली. म्हणजे पुस्तिका बाराची, आणि तीन पानं रिकामी. धाकटा म्हणाला, "देवाचे फोटू टाकून द्या जी."

त्याआधी बाईच्याच फोटोचं अडलं होतं. एकटीचा फोटो घरात नव्हताच. पुतणीच्या लग्नातल्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेत, डोक्यावरून पदर घेतलेली तेवढी सापडली. मुलांनी फ्रेमचाच मोबाइलनं फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला होता, गालावर ट्यूबलाइटची रेघ. मूळ फ्रेम मागवली. फोटो ओलीनं काचेला चिकटला असेल तर ओढायचा नसतो. रंगाचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काचेसकट ६०० डीपीआयवर स्कॅन केला.

जन्मतारखेचाही घोळ होता. आधारवर १ जानेवारी १९५६. दाखला नसलेली कितीतरी म्हातारी माणसं याच तारखेला जन्मलेली असतात. थोरली लेक म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात माय आजीसंगं खडी फोडायला जाई, तेव्हा "बारा वर्साची होती म्हने". तालुक्यातल्याच मोवाडचा पूर आला, ३० जुलै १९९१ ला, तेव्हा धाकटा पोटात. दोन्ही जुळवून "जन्म : अंदाजे १९६०" छापलं. मुलांना "अंदाजे" खटकलं, पण राहू दिलं.

मग कोऱ्या पानांसाठी त्याच लेकीला विचारलं: माय शेतात काय करायची ते नको, कसं करायची ते सांगा. पाऊण तास ती सांगत होती.

एक पान कापसानं भरलं. पहिल्या वेचणीआधी सीतादहीची पूजा, मग वेचणी. तीही दव उतरल्यावर, बोंड हाताला कोरडं लागलं की. "ओला कापूस माय वेचूच देत नव्हती." कारण ओला कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो, सरकी जाते, आणि आजच्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीतही ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, १२ च्या वर घेत नाहीत. वेचायचं झाडाच्या खालून वर. वरून सुरुवात केली की वाळलेली पानं खालच्या उघड्या कापसावर झडतात. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, ओटीत टाकायची नाही, तिची गाठ वेगळी. डोक्याला फडकं घट्ट, म्हणजे केस कापसात जात नाही. तान्हं पोर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला झोळीत. ती धुऱ्याकडून निघे आणि दुसऱ्या ओळीनं धुऱ्याकडेच परते, म्हणजे प्रत्येक फेरीला झोळीवर नजर पडे. मधेच सावली सरकली की झोळी दुसऱ्या फांदीला. एवढं करून दिवसाला मणभर कापूस. सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीच्या काळातल्या चिठ्ठ्या मुलांनी छापायला पिशवीभर आणल्या होत्या. सगळ्यांवर नाव वडिलांचं.

दुसरं पान तुरीच्या बियाण्याचं. तूर सलग चार-पाच उन्हं द्यायची, दाताखाली कट्ट वाजेपर्यंत. उन्हातून उचललेली गरम तूर तशीच भरायची नाही, रातभर सावलीत निववायची. नाहीतर आत घाम सुटतो आणि बुरशी येते. मग पायलीला दोन मुठी चाळलेली राख, आणि थराथरात कडुनिंबाचा पाला. पाला सावलीत वाळलेलाच हवा. ओला टाकला तर भुंगा रोखायच्या नादात ओल आत जाते. कणगी आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली, तोंडही लिंपून बंद. तरी श्रावणात एकदा उघडून दोन-चार दाण्यांना भोकं पडलीत का ते बघायचंच, कारण भुंग्याची अंडी शेतातूनच शेंगेवर बसून येतात.

तिसरं पान संत्र्याच्या ताणाचं होणार होतं, पण बहरासाठी बागेचं पाणी तोडणं-सोडणं बापाचं काम निघालं. तिथे नातवंडांची नावं गेली.

पुस्तिका न्यायला थोरला आणि त्याची बायको आले. तिनं मुखपृष्ठावरचा फोटो पाहिला, मग मधली पानं उलटून तुरीच्या पानावर थांबली.

"भाऊ, हे एक पान अलग काढून लॅमिनेशन करून देता का? तूर वाळत घातली हाये."

"किती प्रती?"

तिनं बोटं मोजली. दोन नणंदा, जावबाई, शेजारच्या दोघी आणि ती स्वतः. "सहा."

लॅमिनेशनचं मशीन तापायला दहा मिनिटं लागतात. तोवर थोरला ते पान वाचत उभा होता.