रक्तवाहिन्यांत साठलेले कॅल्शियम : माझा अनुभव

मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून मी सोलापुरात आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेते. शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली आहेत. मध्यंतरी चालताना पोटऱ्या दुखू लागल्या, म्हणून डॉक्टरांनी घोट्याजवळ पट्टा बांधून रक्तदाब मोजला. तो दंडावरच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त भरला, तेव्हा पायांचा रक्तपुरवठा उत्तम असावा असा माझा समज झाला. डॉक्टर म्हणाले, "बाई, हा आकडा ग्राह्य धरता येणार नाही. धमनीची भिंत कडक झाली की ती पट्ट्याने दाबलीच जात नाही आणि दाब खोटा वाढलेला दिसतो."

त्यानंतर कुशीवर निजवून पोटाचा एक्स-रे काढला. एक्स-रेत हाडे पांढरी दिसतात, रक्तवाहिन्या सहसा दिसत नाहीत. माझ्या फिल्मवर मात्र मणक्यांच्या पुढे दोन तुटक पांढऱ्या रेघा समांतर उतरलेल्या स्पष्ट दिसत होत्या. त्या महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीच्या, दोन भिंती होत्या. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या झडपेवरही तसाच साठा आढळला.

हाडे ठिसूळ झाली म्हणून मी कॅल्शियमच्या गोळ्या घेत होते. मग ते हाडांत न जाता धमन्यांत कसे गेले, हे मला कळेना. डॉक्टरांनी वेळ देऊन समजावले. निकामी मूत्रपिंडे अन्नातून आलेला फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाहीत आणि डायलिसिसनेही तो पुरेसा निघत नाही. रक्तात तो वाढला की धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि तिथे कॅल्शियम-फॉस्फेट साचते. त्याच वेळी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा स्राव वाढून हाडांतले कॅल्शियम ओढले जाते. म्हणजे एकाच शरीरात हाडे विरळ होतात आणि वाहिन्या टणक. धमनीच्या मधल्या थरातल्या अशा साठ्याचे वर्णन म्योंकेबर्ग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०३ साली केले होते. हृदयविकारात धमनीच्या आतल्या थरात चरबीबरोबर जो साठा होतो, तो प्रकार वेगळा. मात्र मधुमेही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत दोन्ही एकत्र असू शकतात.

माझा फॉस्फरस ७.२ होता, निरोगी माणसात तो दर डेसिलिटर रक्तात साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असतो. माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या (कॅल्शियम कार्बोनेट) बंद करून सेव्हेलामर सुरू झाले. ही गोळी आतड्यातच अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते आणि तो शौचावाटे निघून जातो. त्यामुळे ती जेवणाबरोबरच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी तिचा काही उपयोग नाही. पाण्याने ती फुगते, म्हणून चावायची किंवा फोडायची नाही, अख्खी गिळायची. सूनबाई ताट वाढतानाच भाकरीशेजारी गोळी ठेवते. लग्नकार्याला जाताना मी ती पर्समध्ये नेते आणि पंगतीत पहिल्या घासांबरोबर घेते.

पथ्यात सर्वांत जड गेली ती शेंगाचटणी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ३७५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो आणि आमच्या घरी कडक भाकरी, दही आणि चटणी हेच रोजचे जेवण. आहारतज्ज्ञांनी ती पूर्ण तोडली नाही. कधीतरी चिमूटभर चालेल म्हणाल्या, कारण वनस्पतींतला फॉस्फरस शरीर पूर्णपणे शोषत नाही. काळी शीतपेये आणि प्रक्रिया केलेले चीज यांत मात्र फॉस्फेट वरून घातलेले असते व ते जवळजवळ सगळे शोषले जाते, म्हणून ते पदार्थ घरात आणूच नका असे त्यांनी बजावले. नातवंडांनीही ते मनावर घेतले, याचे मला फार समाधान आहे.

माझ्यासारख्या रुग्णांना एक कळकळीची विनंती आहे : कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून कॅल्शियम किंवा व्हिटॅमिन डी स्वतःहून आणू नका, आधी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता फॉस्फरस ५.३ वर आला आहे. झालेला साठा विरघळवणारे खात्रीचे औषध नाही. तो वाढू न देणे एवढेच आमच्या हाती आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पायांना जखम झाली तर ती लवकर भरणार नाही, म्हणून रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासून घेते. पुढच्या महिन्यात पॅराथॉर्मोनची, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींच्या स्रावाची, तपासणी आहे आणि तिच्या निकालावर व्हिटॅमिन डीचे प्रमाण ठरणार आहे.