तुम्ही विचारलंत म्हणून: उभ्या गाडीची बॅटरी

आमच्या सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या कव्हरखालून एक बारीक काळी वायर निघून भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत जाते, आणि ती पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो: “गाडी तर पेट्रोलची आहे, मग ती चार्जिंगला कशाला लावता? त्यापेक्षा आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले तर भागणार नाही का?” प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्यांपैकी अनेकांच्या स्वतःच्या गाड्याही आठवडेच्या आठवडे उभ्या असतात, म्हणून उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले.

माझी गाडी म्हणजे दोन आसनांची, छप्पर उघडणारी, जुनी स्पोर्ट्स कार आहे. हिवाळ्यात महिन्यातून दोन-तीन रविवारी पहाटे पुण्याहून निघायचे, वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला चहा घ्यायचा आणि ऊन तापण्याआधी परतायचे, एवढेच तिचे काम. आणि जूनमध्ये पावसाने जोर धरला की दसऱ्यापर्यंत ती जागची हलत नाही. गाडी घेतली त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा हार, हळद-कुंकू आणि नारळ घेऊन मी खाली गेलो, कव्हर काढले, रिमोटचे बटण दाबले, आणि कुलूप उघडलेच नाही. किल्लीने दार उघडून बॅटरीला मीटर लावला तेव्हा त्यावर १०.४ व्होल्ट दिसले. पूजा झाली, पण गाडी निघाली नाही. पुढे मेकॅनिकने बॅटरी रात्रभर चार्ज करून दिली, सकाळी मीटरवर १२.६ व्होल्ट आले आणि प्रश्न मिटला असे मला वाटले. मात्र तीन आठवड्यांतच सेल्फ अर्धवट फिरून थांबू लागला आणि जेमतेम दोन वर्षे वापरलेली बॅटरी बदलावी लागली. उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज झाली, तरी ती का वाचली नाही, हे समजून घेतल्यापासून वायर भिंतीला लागली ती लागलीच.

कुलूप लावून उभी केलेली गाडी पूर्ण बंद नसते. चोरीची सूचना देणारा अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, घड्याळ, इंजिनच्या संगणकाची स्मृती, हे सगळे बॅटरीतून थोडीथोडी वीज घेत राहतात. सुस्थितीतल्या गाडीत हा ओघ साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर इतका असतो. माझ्या गाडीत तो ३० भरला. आकडा क्षुल्लक वाटतो, पण दिवसाचे २४ तास धरले तर तो रोज ०.७२ अँपिअर-तास (बॅटरीत मावणारी वीज मोजण्याचे एकक) होतो. पावसाळ्याच्या १०५ दिवसांत ही गळती ७५ अँपिअर-तासांवर जाते आणि माझ्या बॅटरीची सगळी क्षमताच मुळी ७० आहे. शिवाय शिशाची बॅटरी काहीही न जोडता नुसती ठेवली तरी २५ अंश तापमानात महिन्याला सुमारे ३ ते ५ टक्के उतरते, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो. आपल्याकडे बॅटरीची काळजी थंड देशांसारखी हिवाळ्यात करण्याची गरज पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या गाडीची मात्र जरूर करावी.

खरे नुकसान होते ते याच्या पुढे. बॅटरीतून वीज बाहेर पडते तेव्हा तिच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आतले गंधकाम्ल पातळ होत जाते. चार्जिंग करताना हीच क्रिया उलटी फिरते. ताजे सल्फेट अगदी बारीक कणांचे असते, ते सहज विरघळते. पण बॅटरी दिवसेंदिवस अर्धी उतरलेली राहिली, तर त्या कणांचे मोठे, टणक स्फटिक होतात आणि मग ते चार्जरला दाद देत नाहीत. पट्टीचा जेवढा भाग त्यांनी झाकला, तेवढी क्षमता गेली ती कायमची. माझ्या बॅटरीने रात्रभराच्या चार्जिंगनंतर १२.६ व्होल्ट दाखवले ते खोटे नव्हते, कारण उरलेला भाग खरोखरच भरला होता. फक्त उरलेला भागच फार थोडा होता. बॅटरी मरते ती सेल्फ उचलत नाही त्या दिवशी, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याआधीचे कित्येक आठवडे ती मरत असते, आणि त्या काळात तिला पुरते भरलेले ठेवणे हा एकच उपाय असतो. चार-सहा तास विश्रांती घेतलेल्या साध्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, माझ्या गाडीत आहे तशा एजीएम (आतले आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून धरणाऱ्या) बॅटरीवर सुमारे १२.८ दिसायला हवेत, १२.२ दिसले तर बॅटरी निम्मी उतरली आहे, आणि मीटरवर ‘बारा तर आहेत’ म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की १२.० म्हणजे जेमतेम पाव भाग शिल्लक आहे.

आता दहा मिनिटांच्या इंजिनाविषयी. आठवड्याभरात माझ्या गाडीतून सुमारे ५ अँपिअर-तास जातात. उभ्या जागी इंजिन संथ फिरत असताना आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारा वीजजनक, आपल्या ताकदीपेक्षा बराच कमी देतो, आणि त्यातूनही इंधनाचा पंप, इग्निशन, पंखा यांचा खर्च भागवून उरेल तेच बॅटरीला मिळते. समजा १५ अँपिअर मिळाले, तरी दहा मिनिटांत ते अडीच अँपिअर-तास होतात, म्हणजे गेल्याच्या निम्मे. शिवाय शिशाच्या बॅटरीचा शेवटचा पंधरा-वीस टक्के भाग फार हळू भरतो, त्याला मिनिटे नाहीत तर तास लागतात, त्यामुळे अशी गाडी दर आठवड्याला थोडी थोडी मागे पडत जाते. इंजिनालाही हे मानवत नाही: ते पुरेसे तापत नाही, जळणातून निघालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन राहते, आणि थंड इंजिनात जास्त सोडलेले पेट्रोलही ऑइलमध्ये उतरते. पाचगणीची फेरी निराळी. तीत इंजिन चार तास रस्त्याच्या वेगाने फिरते आणि बॅटरीला खरोखर काही मिळते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: गाडी चालवायची असेल तर नीट तासभर तरी चालवावी, नाहीतर इंजिनाला हात लावू नये.

भिंतीला लावलेले ते छोटे यंत्र म्हणजे बॅटरी मेंटेनर. साधा चार्जर बॅटरी भरली तरी वीज ढकलत राहतो आणि आतले पाणी उडवतो, म्हणून तो महिनाभर जोडून ठेवणे चुकीचे आहे. मेंटेनर आधी सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन बॅटरी भरतो आणि मग १३.६ च्या आसपास उतरून गळती होईल तेवढीच भरपाई करत राहतो. एजीएमसाठी भरण्याचा व्होल्टेज थोडा जास्त लागतो, तेव्हा तशी निवड त्यात असावी. आणि हवेचे तापमान पाहून व्होल्टेज कमी करणारा मिळाला तर आपल्या उन्हाळ्यासाठी तोच घ्यावा. बॅटरीच्या टर्मिनलला फ्यूज असलेली एक छोटी वायर मी कायमची बसवून घेतली आहे, त्यामुळे दर वेळी चिमटे लावावे लागत नाहीत. आधी गाडीकडची जोडणी करून मग भिंतीवरचे बटण दाबायचे आणि काढताना आधी बटण बंद करायचे, हा क्रम मी मोडत नाही, कारण भरत आलेली बॅटरी थोडा हायड्रोजन सोडते आणि तिच्याजवळ ठिणगी नको. सोसायटीच्या समितीला खर्चाची शंका होती. सरासरी ५ वॉट धरले तर महिन्याला ३.६ युनिट होतात. तेवढे पैसे मी देतो आणि सॉकेट फ्लॅटच्या मीटरवर घेतले आहे.

ज्यांच्या पार्किंगमध्ये सॉकेट नाही त्यांनी बॅटरी पूर्ण भरून तिची ऋण वायर सोडवून ठेवावी. प्रथम ऋण सोडवावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तरी शॉर्ट होणार नाही. यात काही गाड्यांत रेडिओचा कोड पुन्हा द्यावा लागतो आणि काचांची सेटिंग जाते. चौकट नसलेल्या दारांच्या गाड्यांत दार उघडताना काच किंचित खाली उतरते, ती वीज नसताना उतरत नाही आणि रबरात अडकते, तेव्हा दार जपून हाताळावे. लिथियमची बॅटरी असेल तर सरसकट कोणताही मेंटेनर लावू नये. पोर्शे या जर्मन कंपनीने २०१० मध्ये आपल्या ९११ जीटी३ या स्पोर्ट्स कारसाठी अशी बॅटरी वैकल्पिक म्हणून दिली होती. ती ६ किलोपेक्षा हलकी, म्हणजे नेहमीच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा १० किलोंहून अधिक कमी वजनाची होती. हलकेपणा मोहक आहे, पण तिला तिच्यासाठीच बनवलेला चार्जर लागतो.

आणखी एक गोष्ट. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि त्या डिकीचे कुलूप विजेवर उघडते, म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंतच पोहोचता येत नाही. पोर्शे ९११ च्या ९९७ या पिढीत यासाठी फ्यूजच्या पेटीत बाहेर ओढता येणारे एक धन टर्मिनल दिले आहे. बाहेरच्या बॅटरीची लाल केबल त्याला आणि काळी दाराच्या कुलपाच्या धातूच्या खुंटीला लावली की कुलपापुरती वीज मिळते. तुमच्या गाडीत अशी सोय कुठे आहे ते माहितीपुस्तिकेत असते. ते पान बॅटरी शाबूत असतानाच वाचून ठेवावे, आणि दाराची साधी किल्ली घरात कुठे ठेवली आहे तेही पाहून ठेवावे.